साकाईच्या कबरीपुढे मी तुला अर्धंच सांगितलं

दाऊद, गेल्या शुक्रवारी तुझ्यावर माती लोटली. आज बुधवार. चार दिवस मी पोलादपुरात घरी बसून आहे आणि उजव्या हाताच्या नखांत अजून तुमच्या कबरस्तानातली तांबडी माती आहे. बायको म्हणते, घासून धुवा. मी धुतली नाही.

तू खाटेवर मेलास हे मला पटत नाही. भिंतीकडे तोंड करून, खोकत खोकत, सकाळची पेज अर्धी टाकून. तुझा शेवट मी वेगळाच धरून चाललो होतो. कुणीतरी तुला मारील, नाहीतर तू कुणाला मारून फासावर जाशील, असं मला तुझी ओळख झाली त्या दिवसापासून वाटत होतं.

ती ओळखही मारामारीतच झाली. मी महाडला सातवी पास होऊन मुंबईला निघालो होतो. पोलादपूरच्या वरच्या वाडीतलं पोर, समुद्र कधी पाहिलेला नाही. दासगावच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना एका दांडग्या माणसाला माझं बोचकं लागलं, म्हणून त्याने ते सरळ खाडीत भिरकावलं. लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. तू मागून आलास आणि एक शब्द न बोलता त्याचं डोकं लाँचच्या कठड्यावर आपटलंस. नाकातून रक्त यायला लागल्यावर त्यालाच पाण्यात उतरवून माझं बोचकं काढायला लावलंस. मग माझ्या शेजारी येऊन बसलास, मूठ चोळत, आणि विचारलंस की मला वाचता येतं का. मी म्हटलं, येतं. तू म्हणालास, "मग माझ्यासंगती ऱ्हा. माझी पत्रं वाचशील."

तुझे हात आणि माझी अक्षरं, असा आपला संसार सुरू झाला. तुझ्या ओळखीनेच मला कापसाच्या गासड्या घेऊन जपानला जाणाऱ्या बोटीवर खलाशाचं काम मिळालं. दुसऱ्याच फेरीत चीनच्या समुद्रात वादळ लागलं. एका लाटेने मला डेकवरून उचललं आणि कठड्यापार नेलं. माझा एक पाय साखळीत अडकला होता, बाकी सगळा मी बाहेर लोंबत होतो. तू पोटावर सरपटत आलास, माझे केस धरलेस आणि केसांनीच मला आत ओढलंस. आत आल्यावर मी रडायला लागलो, तर तू मला दोन कानाखाली दिल्यास, इतक्या जोरात की एका कानाने मला आठ दिवस ऐकू येत नव्हतं. तुझ्या मायेला हात फुटलेले होते, दाऊद. ज्याच्यावर तुझा जीव, त्याला तुझा मार ठरलेला.

आणि तरी कबरीपुढे तू निराळाच होतास. ज्या बंदरात उतरायचो तिथे बाकीचे खलाशी दारूच्या गुत्त्याकडे जायचे आणि तू एखादं कबरस्तान शोधायचास. सिंगापूर, हाँगकाँग, कुठेही. कुणाची कबर आहे हे ठाऊक नसताना तिच्यापुढे उभा राहून फातिहा पढायचास. मी एकदा कारण विचारलं. तुझा बा वारला तेव्हा तू कोलंबोच्या पुढे होतास. घरी पोचलास तर कबरीवर गवत उगवलेलं. तुझी तीन मुठी माती टाकायची राहिली होती. तू एवढंच म्हणालास की आपण परक्याच्या मेलेल्याला मान दिला तर आपल्या मेलेल्याला तिकडे कुणीतरी देईल. बाच्या कबरीपाशी तू जांभळाचं रोप लावलं होतंस आणि प्रत्येक सुट्टीत जाऊन त्याला हाताने काटेरी कुंपण घालायचास.

ज्या साली साकाईला गेलो, त्याच साली शिमग्याच्या दिवसांत आपण महाडात होतो. तळ्यावर पाणी प्यायले म्हणून महारवाड्यातल्या माणसांना, परगावाहून सभेला आलेल्यांना, गल्लीबोळांत गाठून लाठ्यांनी मारत होते. एका माणसाचं डोकं फुटलं होतं, डोळ्यांत रक्त उतरल्यामुळे त्याला रस्ता दिसत नव्हता. तू त्याला बखोटीला धरून तुझ्या मावशीच्या घरात ढकललंस आणि तिचं मुसळ घेऊन उंबऱ्यावर उभा राहिलास. सात-आठ जण आले, म्हणाले, बाहेर काढ. तू म्हणालास, "पयला कोन येतो तेवढं सांगा. बाकीचे मागनं या." त्या सात-आठांत दोन माझ्या भावकीतले होते. मी गल्लीच्या तोंडाशी वाण्याच्या फळीला टेकून उभा होतो. मी कुणाला मारलं नाही आणि कुणाला अडवलंही नाही. एकजण पुढे आला, तू त्याचं मनगट मोडलंस, तेव्हा बाकीचे पांगले. संध्याकाळी वाटेत तू मला तोंडावर म्हणालास की मी पुढे आलो असतो तर बाहेर आणखी एक-दोन डोकी वाचली असती. मनात ठेवणं तुझ्या स्वभावात नव्हतं. निदान तेव्हा मी असं समजत होतो.

मग पावसाळा संपल्यावर आपण पुन्हा बोटीवर चढलो, आणि कोबेला ते पत्र आलं.

तुझ्या बायकोने, मरियम भाभीने, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. दोन पानं. गासड्या उतरवून झाल्यावर आपण धक्क्यावर बसलो आणि तू नेहमीसारखा डोळे मिटून ऐकायला लागलास. मी नजर पुढे फिरवत वाचत होतो, म्हणून मला आधीच दिसलं. पहिल्या पानावर म्हैस व्यायल्याचं, भाताचं, तुझ्या बहिणीच्या सोयरिकीचं होतं. दुसऱ्या पानावर तुझ्या कासम चाचाचं होतं. चाचाने कबरस्तानाला लागून वीटभट्टी घातली होती. माती घेता घेता माणसं कबरस्तानाच्या आत सरकली आणि तुझ्या बाची कबर कापली गेली. जांभूळ पडलं. हाडं वर आली. आणि त्याच्याखाली चार ओळी अशा होत्या: चाचांनी काम थांबवलं, भावाची हाडं स्वतःच्या हातांनी उचलली, पांढऱ्या कपड्यात बांधली, मौलवींना बोलावून पिंपळाच्या बाजूला नवी कबर काढून पुरली. ते लहान पोरासारखे रडत होते. तुम्ही येईपर्यंत कुणी काही बोलू नका म्हणाले, पण मी तुम्हाला कळवते, तुम्ही राग धरू नका.

मी म्हैस वाचली, भात वाचलं, सोयरीक वाचली आणि पत्राची घडी केली. दुसरं पान पूर्ण गाळलं. तू डोळे उघडून विचारलंस, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. परत जायला महिना-सव्वा महिना होता. बोटीवर तुझ्या हातापाशी पहारी, साखळ्या, कोयते, आणि तुझा राग मला ठाऊक. घरी पोचल्यावर भाभीने समोर बसवून सांगितलेलं बरं, असं मी ठरवलं. हे मी तुझ्या भल्यासाठी केलं होतं. तेवढं तरी भल्यासाठी होतं.

साकाईच्या कबरीची गोष्ट कोबेतल्या कापूसवाल्यांच्या पेढीवर स्वयंपाक करणाऱ्या संगमेश्वरच्या म्हाताऱ्याने सांगितली. ओसाकाच्या पुढे साकाई म्हणून गाव आहे, तिथे त्यांच्या एका जुन्या बादशहाची कबर आहे, डोंगराएवढी, दीड हजार वर्षांपूर्वीची. तो बादशहा एकदा उंचावर चढून बघतो तर गावात चुलींचा धूर नाही. तेव्हा त्याने तीन वर्षं रयतेकडून सारा घेतला नाही आणि स्वतःच्या वाड्याचं छप्पर गळायला लागलं तरी शाकारलं नाही. तू ते ऐकून म्हणालास, मग तो चांगला मानूस होता, त्याला भेटून यायला पायजे. जसा काही तो घरीच बसलेला होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आपण निघालो. ओसाकापर्यंत आगगाडी, पुढे विजेची गाडी, मग पायी. थंडी होती. मुळ्याच्या शेतांमधून वाट जात होती आणि पानं झडलेल्या झाडांना नुसती लालभडक फळं लटकत होती. समोर झाडीने भरलेली टेकडी होती आणि आपण तिच्याकडे बघत टेकडीपलीकडची कबर शोधत होतो. रस्त्यावरच्या एका बाईने दोनदा त्या टेकडीकडेच बोट दाखवलं, तेव्हा उमगलं की हीच ती. भोवती रुंद खंदक, हिरवं शेवाळलेलं पाणी, त्यात बदकं. आपण पाण्याच्या कडेकडेने तिला फेरी घालायला लागलो आणि तासभर चाललो तरी फेरी संपेना. कुठे पूल नाही, होडी नाही. पलीकडच्या झाडांत हजारो पक्षी, पण माणसाच्या पायाची वाट नाही. तू मला विचारत होतास की आत कोणीच जात नाय? लाकडाला नाय, मधाला नाय? मी म्हटलं, स्वयंपाकी सांगत होता की कुणीच नाही.

पुढच्या बाजूला पांढऱ्या खड्यांचं अंगण होतं, दगडी कुंपण, त्याच्यापलीकडे दोन खांबांची त्यांच्या देवळांपुढे असते तशी कमान, आणि मग पाणी आणि टेकडी. एक म्हातारा बांबूच्या खराट्याने खडे सारखे करत होता. तू वहाणा काढल्यास. थंड खड्यांवर अनवाणी उभा राहून, हात उघडून फातिहा पढलास. म्हाताऱ्याने खराटा थांबवला आणि तुझं संपेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला. मग तू किती तरी वेळ नुसता बघत राहिलास. तुझ्या गालांवरून पाणी येत होतं आणि तू ते पुसत नव्हतास.

तू म्हणालास, "गणू, बघ. दीड हजार वर्सं झाली, याला कोनी हात लावला नाय. मी बोट सोडीन ना, तवा बाच्या कबरीभोवती असाच चर खणीन. पानी सोडीन. बकरी पन जाता नये."

मला ते सोसलं नाही. तू आणखी बोलत होतास, जांभूळ आता केवढं झालं असेल, त्याची मुळं बापर्यंत पोचली असतील. मी तुला गप्प करायला म्हणून बोललो. मला आजही वाटतं की दुसरं कारण नव्हतं. मी म्हटलं, "दाऊद, तुझ्या बाची कबर ऱ्हायली नाय. कासम चाचानं भट्टीला माती काढली तिथनं. हाडं वर आली. पत्रात होतं."

पुढच्या चार ओळी माझ्या तोंडात होत्या. तोंड उघडलंही होतं. तुझी पहिली मूठ त्याच उघड्या तोंडावर बसली.

तू मला कसं मारलंस ते तुला कधी आठवलं का, मला ठाऊक नाही. मला सगळं आठवतं. पहिल्या फटक्याला पुढचे दोन दात गेले. मी खाली पडलो तेव्हा तू छातीवर बसलास आणि माझं डोकं खड्यांवर आपटत राहिलास, तुला म्हाईत होतं, तुला म्हाईत होतं, एवढंच म्हणत. तोंडात रक्त आणि खडे. म्हातारा खराटा टाकून ओरडत पळाला. कमरेला तलवार लावलेला शिपाई आला, त्याने म्यानासकट तलवार तुझ्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर हाणली. तू माझ्यावरून उठेनास. चौथ्या की पाचव्या फटक्याला तू बाजूला कोसळलास. मला शिपाई उठवत होता तेव्हा मी पाहिलं, तो म्हातारा गुडघ्यांवर बसून रक्त लागलेले खडे एकेक करून वेचत होता आणि पदराएवढ्या फडक्यात गोळा करत होता.  त्या माणसाची माफी मागायची आपली राहिली, दाऊद.

चौकीत आपल्याला वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं. बोटीचा माणूस येऊन सोडवून घेऊन गेला. आणि तिथून मुंबईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस, मी तुझ्याशी बोललो नाही.

आता खरं ते लिहितो. त्या महिन्याभरात मी तुला त्या चार ओळी सांगू शकलो असतो. तुझ्या बिछान्यापासून माझा बिछाना सहा हातांवर होता. माझा जबडा सुजला होता, पण बोलता येत होतं. हाँगकाँग सोडल्यावर तू माझ्यासाठी भाताची पेज करून आणलीस, कारण मला चावता येत नव्हतं. वाडगं माझ्यापुढे ठेवलंस आणि उभा राहिलास. मी काहीतरी बोलावं म्हणून उभा राहिलास. मी ते वाडगं लाथेने उडवलं. मला तुझी माफी हवी होती, तुझ्या तोंडून, शब्दांत. ज्याने मला केसांनी धरून समुद्रातून ओढलं त्याच्याकडून मला दोन शब्द ऐकायचे होते, आणि ते मिळत नव्हते म्हणून मी माझे शब्द दाबून धरले. जळू दे त्याला, असं मी मनात म्हटलं. हे मी खरोखर म्हटलं. त्याच दिवशी पत्राचे तुकडे करून पाण्यात टाकले.

दासगावला उतरलो तेव्हा भर दुपार होती. तू घराकडे वळला नाहीस. मी तुझ्या मागे तीन पावलांवर चालत होतो, तुला अडवायचं असं मनाशी म्हणत. तुझ्या हातात काही नव्हतं, म्हणून मला धीर होता. दासगावपासून कबरस्तानापर्यंत कितीतरी वाट आहे. चार ओळींना पुरून उरेल एवढी.

कबरस्तानाचा अर्धा उतार पायरीसारखा कापलेला होता. जांभळाचं खोड बाजूला आडवं पडलं होतं. त्याच्या फांद्या तोडून भट्टीच्या सरपणात रचल्या होत्या, आणि त्या सरपणात एक कोयता रुतवून ठेवला होता. कासम चाचा विटांच्या रांगेपाशी उभे होते. तुला बघून त्यांचा चेहरा फुलला. ते उजवा हात पुढे करून तुझ्याकडे आले, पुतण्या तीन-चार महिन्यांनी आला म्हणून गळाभेटीला. तू कोयता उपटलास आणि त्या पुढे आलेल्या हातावरच घाव घातलास.

एकाच घावात मनगटाच्या वर हाड तुटलं. हात कातडीला लोंबत होता. भट्टीवरची माणसं ओरडत पळाली. तू दुसरा घाव उगारलास आणि मी तुझ्या कमरेला मिठी मारली. तू मला कोपराने फेकलंस. चाचा खाली बसले होते, तुटका हात मांडीवर धरून, आणि ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, "अरे, भावाला मी टाकीन काय? पिंपळाकडं बघ. माझ्या हातांनी पुरलाय त्याला."

तू पिंपळाकडे बघितलंस. तिथे नवी कबर होती, दगडांनी नीट बांधलेली, उशाशी कोवळं जांभळाचं रोप. मग तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी भट्टीच्या धुराकडे बघत होतो.

तू कोयता टाकलास, अंगातला सदरा फाडून चाचांचा दंड आवळलास आणि त्यांना पाठीवर घेऊन महाडच्या दवाखान्याकडे पळत सुटलास. मी मागे पळत होतो. तुझी पाठ, तुझे पाय, वाटेवरची धूळ, सगळं रक्ताने भरलं होतं. तू पूर्ण वाट चाचांशी बोलत होतास, जसं लहान मुलाला झोपू नको म्हणून बोलतात तसं. चाचा वाचले. हात गेला. तू दवाखान्याच्या पायरीवर शिपायाची वाट बघत बसून राहिलास.

कोर्टात चाचांनी न्यायाधीशापुढे एकच हात जोडण्यासारखा करून सांगितलं की पोराला सोडा, बापाचं हाड बघून कुणाचंही डोकं फिरेल. तुझ्या वकिलाची सगळी भिस्त माझ्यावर होती. आरोपीला अर्धीच बातमी कळली असावी हा त्याचा नुसता अंदाज होता, तेवढं सिद्ध झालं तर शिक्षा कमी होईल, असं त्याने मला आदल्या दिवशी समजावलं होतं. पिंजऱ्यात उभं करून त्याने मला विचारलं की पत्रात आणखी काय होतं आणि ते तुम्ही आरोपीला सांगितलं का. तू समोर होतास. मरियम भाभी मागे बायकांत होती. मी म्हटलं, "माती काढल्याचं होतं. बाकी आठवत नाय."

सात वर्षं सक्तमजुरी झाली.

दाऊद, मी भीतीने खोटं बोललो नाही. माझं काही वाकडं होणार नव्हतं. मला फक्त भाभीच्या नजरेसमोर, चाचांच्या समोर, तो माणूस व्हायचं नव्हतं ज्याने चार ओळी गिळल्या आणि एक हात तोडवला. म्हणून तुझी सात वर्षं गेली. पुढे भाभीनेच मला एकदा विचारलं, मी लिहवलं होतं ना गणूभाऊ, चाचांनी हाडं नीट पुरली म्हणून, तरी यांनी असं कसं केलं? मी म्हटलं, रागात त्याने ऐकलंच नाही. त्यानंतर तुला भेटायला तुरुंगात येणं तिने सोडलं. मी मात्र येत राहिलो. मी बोटीवर पुन्हा गेलो नाही, वाडीवर नाचणी-वरी करत राहिलो, आणि वर्षातून दोनदा तुझ्यासाठी तुरुंगाच्या दारात रांगेत उभा राहिलो.

गजांपलीकडचा तू दर वेळी थोडा कमी होत होतास. दळून दळून तळहात फाटलेले. एकदा वॉर्डरला उलट बोललास म्हणून फटके बसले, तेव्हा महिनाभर तुला पाठ टेकता येत नव्हती, आणि छातीत काहीतरी बिघडलं ते तेव्हापासूनच. तरी तू मला म्हशीचं विचारायचास, भाताचं विचारायचास. माझ्या तुटक्या दातांकडे बघून एकदा म्हणालास की हे मी केलं ते वाईट केलं. ज्या शब्दांसाठी मी एवढं सगळं होऊ दिलं ते शब्द तू इतक्या सहज दिलेस, शिपाई वेळ संपली म्हणून हाकलत असताना.  त्या दिवशी सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं.

सुटून आल्यावरची तुझी दोन वर्षं मला जास्त कठीण गेली. तू मुठी वळायचं विसरलास. बाजारात कुणी धक्का दिला तर बाजूला व्हायचास. मला चीड यायची. मला तोच दाऊद हवा होता ज्याच्या हातून मार खाऊन मोकळं होता आलं असतं. मी मुद्दाम तुला डिवचायचो, साकाईचं काढायचो, आणि तू म्हणायचास की तो म्हातारा अजून झाडत असेल का रे. दर आठवड्याला मी पोलादपुराहून चालत यायचो, तू ओटीवर माझी वाट बघत बसलेला असायचास, आणि आपण कशावरही बोलायचो.

शुक्रवारी तुला खाली ठेवलं तेव्हा मौलवींनी मला बोलावून घेतलं, म्हणाले, तुम्ही पण टाका. मी तीन मुठी टाकल्या. माझ्यानंतर कासम चाचा आले. ते आता पुरे म्हातारे झालेत. त्यांनी गुडघ्यावर बसून डाव्या हाताने माती टाकली, तीनदा, आणि मग बराच वेळ डाव्या हातानेच ती थोपटत राहिले. कुणी त्यांना उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी भाभीला भेटायला गेलो. तिने मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. तू सुटून आलास त्याच दिवशी तिने तुला जाब विचारला होता, की मी सगळं कळवूनही तुम्ही चाचांवर हात का उगारलात.  तू तिला एकेक ओळ पुन्हा सांगायला लावलीस, तिने पत्रात काय काय लिहवलं होतं ते. तेवढ्यावरून तिलाही कळलं आणि तुलाही. ती उठली होती, माझ्या घरी येऊन मला चार माणसांत उभं करायला. तू तिला शपथ घातलीस.

भाभी माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी म्हटलं, निदान विचारा तरी त्याला, का केलंस म्हणून. तर म्हणाले, विचारलं तर तो यायचा बंद होईल."

तिने माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि आत गेली. मला जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही.

दाऊद, चार दिवस मी स्वतःला सांगून बघतो आहे की तसं झालं नसतं. तू विचारलं असतंस, मी तुझे पाय धरले असते, तू मला आणखी दोन दात पाडून मोकळं केलं असतंस, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तुझ्या ओटीवर येऊन बसलो असतो. पण आता तुझ्याशी खोटं बोलायची सोय राहिलेली नाही. तू विचारलं असतंस तर मी खरंच येणं बंद केलं असतं.